ख्रिस्तपुराण : मराठी ओवीतले बायबल आणि साष्टीतली सक्ती

मराठी भाषेच्या थोरवीचा विषय निघाला की फादर स्टीफन्स यांचे नाव हमखास येते. मराठी भाषा दिनाच्या भाषणांत त्यांच्या चार ओव्या म्हटल्या जातात. ‘एका इंग्रजाने आपल्या भाषेची केवढी स्तुती केली’ असे म्हटले की टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ज्या ग्रंथातून या ओव्या उचलल्या, तो मुळात काय आहे, कोणासाठी लिहिला आणि कोणत्या परिस्थितीत लिहिला, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

‘ख्रिस्तपुराण’ मराठीच्या कौतुकासाठी लिहिलेले नाही. ते बायबलमधल्या कथा सांगून श्रद्धेचा बोध करणारे एक प्रचंड प्रवचन आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ते सांगणारा पाद्री इंग्रज, ऐकणारे नुकतेच बाटवले गेलेले गोमंतकीय आणि राज्य पोर्तुगीजांचे. या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय हा ग्रंथ समजत नाही.

मराठी मुस्लिम वाचकाने हा इतिहास का वाचावा, असा प्रश्न काहींना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे या ग्रंथातली निम्मीअधिक पात्रे आपल्या ओळखीची आहेत. आदम, नूह, इब्राहीम, मूसा, दाऊद, मरियम, ईसा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. धर्माची गोष्ट लोकांच्या भाषेत सांगायची म्हणजे काय करायचे आणि तीच गोष्ट सत्तेच्या बळावर सांगितली की तिचे काय होते, हे दोन्ही इथे एकाच ठिकाणी पाहायला मिळते.

विल्टशायर ते साष्टी

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात १५४९च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंड प्रोटेस्टंट झाले होते आणि कॅथलिकांना तिथे राहणे अवघड होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना पाठवले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. त्यानंतर १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते गोव्यातच राहिले. त्यातला बराच काळ साष्टी महालात, मडगाव आणि राशोल भागात गेला. (मुंबईजवळची साष्टी वेगळी, ही दक्षिण गोव्यातली.)

ज्या गोव्यात ते उतरले, त्याचा इतिहास रक्तरंजित होता. १५१०मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून शहर जिंकले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने ती स्वतःच अभिमानाने नोंदवली आहे. साष्टी आणि बारदेश हे महाल १५४३मध्ये विजापूरकडून पोर्तुगीजांकडे गेले. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. १५६७च्या सुमारास साष्टीतली शेकडो देवळे पाडण्यात आली. अनाथ हिंदू मुलांना पाद्र्यांच्या ताब्यात देऊन त्यांचा बाप्तिस्मा करावा, असे फर्मान त्याआधीच निघाले होते.

अनेक कुटुंबे देव घेऊन नदीपलीकडे गेली. आज ज्यांना आपण मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा म्हणून ओळखतो, ती दैवते याच काळात फोंड्याच्या बाजूला हलवली गेली. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. हिंदूंच्या देवांना मुस्लिम सुलतानाच्या हद्दीत आसरा मिळाला, हा तपशील आजच्या वादावादीत सहसा कोणी सांगत नाही.

जे गावात राहिले, ते बहुतेक ख्रिस्ती झाले. काही मनापासून झाले असतील, काही जमिनीसाठी, बरेचसे धाकाने. हेच स्टीफन्स यांचे श्रोते होते.

श्रोत्याचा प्रश्न

ग्रंथाची सुरुवात मोठी बोलकी आहे. ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग चालू आहे. तिथे एक ब्राह्मण पाद्रीगुरूला प्रश्न विचारतो. त्याचा आशय असा, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला तशीच नवी पुराणे का देत नाही?

हा प्रश्न साधा नाही. पुराण ऐकणे ही त्या समाजाची सवय होती. संध्याकाळी लोक जमायचे, पुराणिक ओवी वाचायचा आणि तिचा अर्थ सांगायचा. श्रद्धा, नीती, करमणूक आणि भाषा या सगळ्यांची भूक त्यातून भागायची. नव्या धर्माने हे सारे एका फटक्यात काढून घेतले आणि बदल्यात दिले काय? लॅटिनमधली उपासना आणि पाठ करायची प्रश्नोत्तरे. त्याने माणसाचे मन भरत नाही.

स्टीफन्स यांना हे कळले, यात त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी उत्तर म्हणून अख्खे पुराण लिहिले. १६१६मध्ये राशोल इथे ते छापले गेले. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ प्रकरणे आहेत. प्रकरणाला ते ‘अवस्वरू’ म्हणतात. पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्तजन्माआधीपर्यंतच्या कथा, म्हणजे बायबलचा जुना करार. दुसऱ्या भागात ख्रिस्ताचा जन्म, शिकवण, चमत्कार, क्रूस आणि पुनरुत्थान.

ग्रंथातले श्रोते अधूनमधून शंका विचारतात आणि पाद्रीगुरू त्या सोडवतो. प्रश्नोत्तराची ही रीत पुराणाची आहे आणि सुफींच्या मजलिशीचीही.

कथा आणि तिचा बोध

सुरुवातीला नमन आहे, ज्ञानेश्वरीत असते तसे. फक्त गणपतीच्या जागी स्वर्ग आणि पृथ्वी घडवणाऱ्या देवबापाला वंदन आहे. स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’. ईश्वरासाठी ‘परमेश्वर’. मात्र काही ठिकाणी स्टीफन्स थांबतात. क्रूस, बाप्तिस्मा, पवित्र आत्मा अशा कल्पनांसाठी ते परके शब्द तसेच ठेवतात, कारण जुना शब्द वापरला तर त्याच्याबरोबर जुना अर्थही येईल, ही भीती.

मुस्लिम वाचकाला ही अडचण चांगलीच ठाऊक आहे. ‘अल्लाह’ला ‘ईश्वर’ म्हणावे का, ‘रसूल’ला ‘प्रेषित’ हा शब्द पुरतो का, ‘तकवा’ला मराठीत काय म्हणावे, यावर आपल्याकडेही वाद होतात. चारशे वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस एकट्याने हाच प्रश्न सोडवत बसला होता. काही शब्द त्याने इथल्या मातीतले घेतले, काही बाहेरून आणले आणि दोन्ही एकाच ओवीत बसवले.

बायबलच्या कथा सांगण्याची ख्रिस्ती प्रवचनाची एक खास पद्धत आहे. जुन्या करारातली प्रत्येक कथा पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची खूण म्हणून वाचायची. आदम चुकला, म्हणून तारणारा हवा. नूहची नौका म्हणजे तारणाची नौका. इब्राहीम मुलाचे बलिदान द्यायला निघतो, ती देव पुढे स्वतःच्या पुत्राचे बलिदान देणार याची पूर्वसूचना. ‘पहिले पुराण’ याच वाटेने जाते. ते सारे तारणाऱ्याची वाट पाहण्याचे पुराण आहे.

कुराण याच कथा वेगळ्या अंगाने सांगते. तिथे आदम चुकतो, क्षमा मागतो आणि त्याला क्षमा मिळते. चुकीचा बोजा पुढच्या पिढ्यांवर येत नाही. इब्राहीमच्या कुर्बानीत बोध आहे तो संपूर्ण शरणागतीचा. तो मुलगा बहुतेक मुस्लिम परंपरेत इस्माईल आहे, बायबलमध्ये इसहाक. हजरत ईसा कुंवार मरियमच्या पोटी जन्मलेले थोर पैगंबर आहेत, पण देवाचे पुत्र नाहीत. त्यांना क्रूसावर मारले गेले हेही कुराण मान्य करत नाही. हे फरक लहान नाहीत आणि ते पुसून टाकण्याची गरजही नाही. त्याच माणसांच्या त्याच गोष्टी दोन समाजांनी दोन बोधांसाठी सांगितल्या आहेत. शेजाऱ्याचा बोध काय आहे हे माहीत असले की आपला बोधही नीट समजतो. आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या ‘कससुल अंबिया’च्या कथा आणि स्टीफन्स यांचे ‘पहिले पुराण’ शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे हे लक्षात येईल.

फत्तेपूर सिक्रीतले बायबल

स्टीफन्स गोव्यात उतरले, त्याच सुमारास तिथे अकबर बादशहाचे निमंत्रण येऊन पोहोचले होते. आम्हाला तुमचा धर्म समजून घ्यायचा आहे, तुमचे विद्वान आणि ग्रंथ पाठवा. नोव्हेंबर १५७९मध्ये तिघे जेझुइट गोव्याहून निघाले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ अक्वाविवा. १५८०च्या फेब्रुवारीअखेर ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. अनेक भाषांत छापलेल्या बायबलचे खंड त्यांनी बादशहाला भेट दिले. अकबराने ते आदराने डोक्याला लावले.

पुढे उलेमा आणि पाद्री यांच्यात बायबल, कुराण आणि पैगंबर यांवर वाद झडले. पाद्र्यांची भाषा अनेकदा कडक असे. तरीही त्यांना कोणी हात लावला नाही. अकबर ख्रिस्ती झाला नाही आणि कोणी त्याला तशी सक्तीही करू शकत नव्हते. तिथे पाद्र्याच्या हाती होता तो फक्त युक्तिवाद.

अक्वाविवा १५८३मध्ये गोव्याला परतले. त्यांची नेमणूक साष्टीत झाली. २५ जुलै १५८३ रोजी ते चार सहकारी जेझुइटांसह कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहायला गेले. देवळे पाडल्याने आणि पोर्तुगीजांच्या जुलमाने गाव आधीच पेटलेला होता. गावकऱ्यांनी पाचही जेझुइटांना ठार केले. पोर्तुगीजांनी मग गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणा किल्ल्यात बोलावले आणि विश्वासघाताने मारून टाकले.

मुस्लिम बादशहाच्या राजधानीत परक्या धर्माची बाजू मांडत तीन वर्षे जो माणूस सुरक्षित राहिला, तो स्वतःच्या ख्रिस्ती राज्यात काही आठवड्यांत मारला गेला. माणूस तोच होता, हातातले बायबलही तेच होते. फत्तेपूरला तो सत्तेविना बोलत होता. कुंकळ्ळीत त्याच्यामागे तोफा आणि पाडलेली देवळे उभी होती. गावकऱ्यांना बायबल दिसलेच नाही, तोफा दिसल्या.

यावरून मुसलमानांनी फुशारकी मारण्याचे कारण नाही. धर्माचा प्रचार सत्तेने हातात घेतला की असेच होते आणि मुस्लिम राजवटींच्या इतिहासातही त्याची उदाहरणे आहेत. धर्मात सक्तीला जागा नाही, असे कुराणाने स्वच्छ सांगितले आहे. ते सांगावे लागले, कारण सत्तेला नेमका तोच मोह होतो.

अकबराच्या दरबाराशी जेझुइटांचा संबंध पुढेही राहिला. जेरोनिमो झेवियर या पाद्र्याने ‘मिरातुल कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र फारसीत लिहून १६०२मध्ये बादशहाला सादर केले. त्यासाठी मदत केली अब्दुस सत्तार या मुस्लिम विद्वानाने. हाच अब्दुस सत्तार पुढे जहांगीरच्या दरबारात पाद्र्यांविरुद्ध वाद घालताना दिसतो. ग्रंथ लिहायला मदत करायची, पण त्यातला दावा मान्य करायचा नाही, एवढी मोकळीक त्याला होती. फारसी ख्रिस्तचरित्र आणि मराठी ख्रिस्तपुराण यांत अवघ्या चौदा वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींच्या लेखकांना पाठवणारी संस्था एकच. आग्र्याचा श्रोता ‘नाही’ म्हणू शकत होता. साष्टीच्या श्रोत्याला ती सोय नव्हती.

तरीही स्टीफन्स यांनी अकरा हजार ओव्या रचल्या. सक्तीने बाप्तिस्मा देता येतो, श्रद्धा देता येत नाही, हे त्यांना उमगल्याशिवाय कोणी एवढा खटाटोप करत नाही. आपल्या ग्रंथात त्यांनी श्रोत्याला प्रश्न विचारू दिले. बाहेरच्या जगात जी मोकळीक नव्हती, ती पुस्तकात तरी थोडीफार मिळाली. अर्थात त्यामुळे ते त्या राजवटीचा भाग नव्हते असे होत नाही. जुन्या पुराणांवर आणि मूर्तिपूजेवर त्यांच्या ओव्यांत टीका आहे आणि तिला उत्तर द्यायला कोणी मोकळे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

त्याच काळचा दुसरा ओवीकार

स्टीफन्स साष्टीत ओव्या रचत होते, त्याच काळात अहमदनगरजवळच्या श्रीगोंद्यात शेख महंमद वावरत होते. कादरी सुफी परंपरेशी नाते असलेला हा मुसलमान वारकऱ्यांनी संत मानला. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५मध्ये पूर्ण झाला. तोही ओवीतच. आदिलशाहीत विजापूरचे सुफी दख्खनीत लिहीत होते. जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या तोंडी बसावीत अशी ‘चक्कीनामे’ याच सुफी परंपरेत रचली गेली.

म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओवी एकनाथांच्या वारसदारांची होती, एका सुफीची होती आणि एका इंग्रज पाद्र्याचीही होती. मराठी अमुक एका धर्माची भाषा आहे, असे आज जे गृहीत धरले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही. फरक आहे तो पुन्हा सत्तेचाच. शेख महंमदांमागे फौज नव्हती. लोकांनी त्यांना स्वतःहून आपले मानले.

छपाई, बंदी आणि वाचलेली हस्तलिखिते

ख्रिस्तपुराण इथल्या लिपीत छापावे अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण मांडली. जोडाक्षरांसह या लिपीचे सुमारे सहाशे खिळे पाडावे लागतील, पण ते दोनशेपर्यंत आणता येतील, असा त्यांचा हिशेब होता. ते जमले नाही. पुस्तक रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४०मध्ये, राशोललाच छापले गेले.

पण सत्तेचा धीर संपला. १६८४मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला. लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावे. ज्या भाषेत पाद्र्यांनी बायबल सांगितले, त्याच भाषेला राज्याने शत्रू ठरवले. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कॅनरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, त्यातल्या ओव्या म्हटल्या. त्यांच्या आधाराने जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले. १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली.

पोर्तुगीज राज्य १९६१मध्ये गेले. इन्क्विझिशन त्याच्या कितीतरी आधी गेले. ओव्या मात्र राहिल्या, कारण त्या लोकांनी आपल्या तोंडी ठेवल्या होत्या. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद केला, रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांच्यामागे पोर्तुगीज तोफा नव्हत्या. म्हणूनच मराठी समाजाने टिळक दांपत्याला आपले मानले.

आपल्यासाठी यात काय?

सूरह इब्राहीममध्ये म्हटले आहे, की प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्याच भाषेत बोलणारा पाठवला गेला, म्हणजे त्यांना गोष्ट स्पष्ट कळावी. ही आयत आपण अनेकदा ऐकतो. पण आपल्या मशिदींत काय चित्र आहे? कोकणातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मुसलमान घरात मराठी किंवा मराठीच्या जवळची बोली बोलतात. मुले मराठी शाळेत जातात. जुम्याचे बयान मात्र जड उर्दूत होते. मुले मान डोलावतात आणि घरी येतात. काय सांगितले असे विचारले तर सांगता येत नाही.

उर्दूशी वैर करण्याचा प्रश्न नाही. ती आपलीच भाषा आहे आणि तिच्यात मोठे धन आहे. पण दीन समजण्यासाठी आधी उर्दू शिकावी, अशी अट मुलांना घालणे म्हणजे त्यांना दाराबाहेर उभे करणे आहे. कुराणाचे मराठी अनुवाद आहेत, मराठीत लिहिणारे मुस्लिम लेखक आहेत, सोलापूरला १९९०मध्ये मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही सुरू झाले. हे सगळे मिंबरपर्यंत पोहोचायला हवे. युसूफची, मूसाची, मरियमची गोष्ट मुलाला त्याच्या रोजच्या मराठीत ऐकायला मिळाली पाहिजे आणि ती ऐकताना मध्येच हात वर करून शंका विचारायची मुभाही असली पाहिजे.

साष्टीतल्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न अजून जिवंत आहे. आमच्या भाषेत आम्हाला काय दिलेत? स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाचा राग मानला नाही. ते लिहायला बसले. आपल्या मुलांनी हाच प्रश्न विचारला तर आपले उत्तर काय असेल, हे प्रत्येक जमातीने आणि प्रत्येक मशिदीच्या विश्वस्तांनी ठरवायचे आहे.